ओले चिलखत

एका राज्यात कर्दमसेन नावाचा राजा होता. त्याला मरणाची भारी धास्ती. रानातल्या मांत्रिकाच्या बोलक्या बैलाचे कातडे बाणाला दाद देत नाही, असे त्याने ऐकले आणि बैल कपटाने मारवला. राजा बोले, दल हाले. कातडे आले आणि रायाजी चर्मकाराने त्याचे चिलखत शिवले.

त्या राज्याची एक चाल होती. चिलखत शिवणाऱ्यानेच ते आधी अंगात घालायचे आणि भर दरबारात बाणासमोर उभे राहायचे. चाल दुष्टच, पण कारागिराला विचारतो कोण? रायाजी उभा राहिला. बाण मोडून पडला. सगळ्यांनी वाहवा केली. मग रायाजी बंद सोडायला गेला, तर ते सुटेनात. मांत्रिकाने शाप दिला होता: रोज सूर्य उगवला की चिलखत बोटभर आवळायचे.

सुऱ्या बोथट झाल्या. प्रधान म्हणाला, "विस्तवाशी बसवा, चामडे ढिले होईल." आगीतून फुफाट्यात! चामडे शेकले की आखडते, हे चर्मकाराच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक असते. रायाजीच्या दोन बरगड्या मोडल्या.

त्याची बायको येसू नदीकाठी रडत बसली. तेव्हा टिटवी बोलली, "येसू, चामड्याशी भांडू नये. बैल जिथे पाणी प्यायचा, त्या डोहाचे पाणी आण. ज्याला अंग घासायचा, त्या करंजाचे तेल आण. आणि बैलाचे नाव आण. हाक मारल्याशिवाय तो ऐकायचा नाही."

डोहाने पाण्याच्या बदल्यात तिची सावली मागितली. तिने दिली. करंजाने केस मागितले. तिने कापून दिले. मांत्रिकाने काहीच मागितले नाही.

"त्याचे नाव धवळू," तो म्हणाला. "तुझा नवरा सुटेल. नंतर चिलखत सात दिवस सावलीत वाळव, म्हणजे शाप आपोआप विरेल. पण ओले असताना जो ते घालील, त्याला ते घेऊन जाईल. राजा तुला तीनदा विचारायला येईल. तू काय सांगतेस, एवढेच मला पाहायचे आहे."

येसूने चिलखत पाण्याने भिजवले, तेल चोळले. मग त्याला तोंड लावून म्हणाली, "धवळू, बाबा, सोड रे माझ्या धन्याला." चामडे सैलावले. रायाजी बाहेर आला, पण वाकलेला. श्वास घेताना त्याच्या छातीत शिट्टी वाजे.

येसूने चिलखतात भुसा भरला, म्हणजे आकार राहील, आणि ते पडवीच्या सावलीत टांगले.

तिसऱ्या दिवशी राजा आला. "झाले का?"

"नाही महाराज, ओले आहे. घालाल तर जीव जाईल."

पाचव्या दिवशी पुन्हा आला. "झाले का?"

"नाही महाराज. हात लावून पाहा, गार लागते."

सहाव्या दिवशी दसरा. सीमोल्लंघनाची स्वारी निघायची होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! घोड्यावरून उतरताच राजाने हात पसरले. "झाले का?"

आत रायाजीच्या छातीत शिट्टी वाजत होती. येसूने ती ऐकली. तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला.

राजाने चिलखत चढवले आणि उन्हात घोडा घातला. ऊन चढत गेले, चामडे वाळत गेले. वेशीपाशी त्याला ओरडायचे होते, पण छातीत श्वास मावला नाही. तो खाली पडला, तेव्हा बंद आपोआप सुटले.

राजाची बहीण गादीवर बसली. तिने चिलखत रानात पुरायला लावले, आणि दुसऱ्याच दिवशी धवळू डोहावर पाणी पिताना दिसला. कारागिरावर बाण सोडायची चाल बंद झाली. येसूचे केस वाढले, डोहाने सावलीही परत केली. लोक सुखी झाले. रायाजीच्या बरगड्या तेवढ्या सरळ झाल्या नाहीत.

येसू आजही चामडे सावलीत वाळवते. गिऱ्हाईक जोडे मागायला आले की सांगते, "ओले आहेत, घालू नका." थोड्या वेळाने पुन्हा सांगते. गिऱ्हाईक हसून चालू लागले, तरी ती त्याच्या मागे वेशीपर्यंत जाते आणि तिसऱ्यांदा सांगते.