इंत्रू गवंड्याचा अर्धा मनोरा

तिवरपाड्याच्या चर्चचा डावा मनोरा आभाळात गेलाय, उजवा मात्र माणसाच्या खांद्याशीच संपतो. वीज पडली का, असं पाहुणे विचारतात. चर्च दाखवणाऱ्या म्हाताऱ्या आग्नेसबाय मान हलवतात. "पडला नाही. बांधणाऱ्यानंच उतरवला," म्हणतात आणि सांगू लागतात.

बांधणारा इंत्रू गवंडी. दोन्ही मनोरे त्याच्याच हातचे. उजव्यावर क्रूस चढायचा तेवढा राहिला होता, तोच गावात पटकी आली. घरटी एक माणूस गेलं. इंत्रूची सात वर्षांची इजाबेलही गेली. कबरस्तानाची जमीन वाळूची, खड्डे उथळ. दुसऱ्या सकाळी तो लेकीच्या कबरीवर गेला, तर कोल्ह्यांनी ती उकरलेली. जे उरलं होतं ते त्याने आपल्या अंगरख्यात गुंडाळून पुन्हा पुरलं.

कबरींवर ठेवायला जड दगड हवे होते. खाण खाडीपलीकडे, आणि आजारी गावाला होडी द्यायला कुणी तयार नव्हतं. इंत्रूने पहार घेतली आणि तो उजव्या मनोऱ्यावर चढला.

पाद्री धावत आले. "इंत्रू, ते दगड देवाला वाहिलेत. हात लावलास तर पवित्र मातीत तुला जागा मिळणार नाही."

"मला नाही मिळाली तरी चालेल, पाद्रीबाबा," इंत्रू म्हणाला. "पोरीची राहू दे."

गूळ घालून मळलेला चुना असा धरला होता की दगड सुटेना. आपल्या चोख कामाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला, म्हणे. तरी दगड निघत गेले, कबरी झाकत गेल्या. ज्यांच्या घरी उचलायला कुणी उरलं नव्हतं, त्यांच्यावरही त्यानेच दगड ठेवले. मनोरा खांद्याइतका उरला, तेव्हा पटकीने त्यालाही गाठलं.

पाद्रींनी शब्द खरा केला. इंत्रूला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. त्याच्यावर ना क्रूस, ना दगड. पावसाळा सरेपर्यंत ती जागाही कुणाला ओळखता येईना. पुढे पाद्रींनाच त्याला आत आणावंसं वाटलं. त्यांनी चार ठिकाणी खणवलं, पण इंत्रू सापडला नाही, असं सांगतात.

आजही मृतांच्या सणाला तिवरपाड्याचे लोक घरच्यांच्या कबरीवर जाण्याआधी भिंतीबाहेर जातात. तो नेमका कुठे निजलाय हे ठाऊक नाही, म्हणून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मेणबत्त्या लावतात.