पदक कुणाचं?

फार वर्षांपूर्वी, इंग्रज बादशहाचा अंमल होता तेव्हाची गोष्ट. प्लेगच्या छावणीत रोग्यांची सेवा करणाऱ्या गोजराबाईंना सरकारनं रुपेरी पदक दिलं. भर दरबारात ते त्यांच्या पदराला टाचलं. त्यांच्या काळजाची धडधड पदकानं तेवढी एकदाच ऐकली. दुसऱ्या दिवशी बाईंनी ते ट्रंकेत ठेवलं.

"मलाही छावणीत न्या ना!" पदक कळवळून म्हणालं.

"तिथं तुझं काय काम रे, बाळा? तिथली माणसं तहानलेली आहेत," असं म्हणून बाई पाण्याची घागर उचलून गेल्या.

पुढे बाई वारल्या. हिंडत हिंडत पदक एका संग्राहकाच्या काचेच्या कपाटात आलं.

"नशीब काढलंस!" शेजारची तलवार म्हणाली. "रोज माणसं तुला बघायला येतात."

"येतात गं. पण माझ्या अंगावर नुसतं बादशहाचं नाव कोरलंय. बाईंचं नाव कुणीच घेत नाही."

एकदा एक म्हातारी कपाटापाशी थबकली. "हे कुणाचं हो?" तिनं विचारलं.

"बादशहाचं. फार दुर्मिळ आहे!" संग्राहक म्हणाला.

"गोजराबाईंचं! अहो, गोजराबाईंचं!" पदक जीव तोडून ओरडलं.

पण काच जाड होती. म्हातारी मान डोलावून पुढं गेली.