कुंदाताईंची अदलाबदल

येवल्याच्या कुंदाताई नागपुरे पैठणीच्या काठांची नक्षी काढून द्यायच्या. त्या कामासाठी बेताच्या पैशांत घरीच कॉम्प्युटर जोडायचं ठरवून त्या सुटे भाग घ्यायला नाशिकला जयवंतशेठच्या दुकानात गेल्या. शेठचा तोरा मोठा. त्यांनी रंगीत दिव्यांची काचेची कॅबिनेट पुढे केली आणि खर्च जुळवायला सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय मात्र बिननावाचा, हलका काढला.

"शेठ, दिवे नकोत मला. सप्लाय चांगला द्या. हा जळाला तर बाकीचे भागही घेऊन जाईल," कुंदाताई म्हणाल्या.

शेठ इतर गिऱ्हाइकांकडे बघून मोठ्यानं हसले. "ताई, तुम्ही नक्षी काढा, मशीनचं आम्हाला कळतं. हा काय आणि महागातला काय, दोन्ही सारखेच! वर्षानुवर्षं चालेल, माझा शब्द."

कुंदाताईंना राग आला, पण आवाज त्यांनी गोडच ठेवला. "तुमचा शब्द मान्य. मग असं करू, हा नवा कोरा सप्लाय तुमच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला लावा आणि त्यातला जुना मला द्या. किंमत नव्याचीच घ्या."

"छे छे!" शेठ दचकून म्हणाले, "त्यात माझं अख्खं दुकान आहे!"

"माझ्या कॉम्प्युटरमध्येही माझं दुकानच असणार आहे, शेठ."

दुकानात हशा पिकला. शेठ स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा चांगला सप्लाय काढू लागले. तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक म्हणालं, "शेठ, वर चढलाच आहात, तर दोन काढा."