एरंडेल प्यायलेली सीट

"आक्का, एकदा घातलेलं तेल परत काढता येतंय काय?"

धैर्यशील सरनोबत पायातली चप्पल न काढताच पडवीच्या पायरीपर्यंत आले होते. आक्कांनी चपलेकडं पाहिलं. ते दोन पावलं मागं गेले, चप्पल काढली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

मठ सांभाळणाऱ्या आक्का लोकरीची लड सोडवत होत्या. वाडीवस्तीवर बाळ जन्मलं की त्याला मठातून टोपडं जातं. ते त्या स्वतः विणतात.

"कशातलं तेल?"

"गाडीच्या सीटमधलं. मागच्या. चामड्याच्या."

"घातलं कुणी?"

"मीच की."

मी मठात स्वयंपाकाला असतो. पडवीतलं बोलणं चुलीपाशी ऐकू येतं, आणि नाही आलं तर मी शेंगा सोलायच्या निमित्तानं पडवीत येतो. तसा आलो.

सरनोबतांना मी पुष्कळ वर्षं ओळखतो. चामडं आणि दुसऱ्याचं भलं, या दोन गोष्टी आपल्याइतक्या कुणालाच कळत नाहीत, असा त्यांचा ठाम समज आहे. माणूस मात्र मनानं मोठा. मठाच्या पत्र्याचं काम त्यांनीच केलं, आणि पत्रा कुठल्या रंगाचा हेही त्यांनीच ठरवलं.

गाडी अंगणात उभी होती. त्यांच्या वडिलांची जुनी मोटार. मागची सीट वडिलांनी कोल्हापुरात मुद्दाम शिवून घेतलेली, चपलेला वापरतात तसल्याच चामड्याची. सरनोबतांचा मुलगा इंद्रजीत लहानपणी त्या सीटवर आडवा होऊन झोपायचा. तोच पुढं घर सोडून नाशकाला गेला आणि तिथं एका बेकरीत पाव भाजू लागला. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती. सीट वाळली, तडकली.

आज इंद्रजीत येणार होता. पण घरी नव्हे, मठात. आक्कांना त्यानं फोनवर तसं स्पष्ट सांगितलं होतं. दुपारच्या एसटीनं येतो, आबांना यायचं तर येऊ देत, पुढं घरी जायचं की परत फिरायचं ते मी तिथं ठरवीन.

घरी त्याची आई सकाळपासून दार उघडं टाकून बसली होती.

"नवी चप्पल करकरायला लागली, की तिला आपण एरंडेल पाजतो न्हवं?" सरनोबत म्हणाले. "तसंच केलं. घरीच. म्हटलं, पोरगं बसंल तर लोण्यागत लागली पाहिजे."

"मग?"

"पहिल्या दिवशी प्यायली. झकास प्यायली. तडा बुजल्यागत दिसाय लागला. दुसऱ्या दिवशी प्यायना."

"मग?"

"मग आणखी ओतलं."

"प्यायना म्हणून... आणखी?"



आक्का उठून गाडीपाशी गेल्या. दार उघडलं आणि सीटवर तळहात टेकवला. शिवणीतून तेल वर आलं. चामडं काळं पडलं होतं, आणि वास तर असा की मला पडवीत बसून पोट साफ होईल असं वाटलं.

"पुसलंस?"

"पुसतोयच की. साबण झाला, गरम पाणी झालं. जेवढं पुसतोय तेवढं आतनं वर येतंय. आता काय लावू ते सांगा. सोडा लावू? रॉकेल लावू? एसटी यायला आली, आक्का."

"काही लावू नकोस."

"मग पुसू?"

"पुसूही नकोस."

आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. "तांदळाचं पीठ आण."

ते पीठ मी दुसऱ्या दिवशीच्या घावनांसाठी दळून ठेवलं होतं. पण आक्कांपुढं माझं काय चालणार? डबा आणला. त्यांनी मुठीमुठीनं सगळं पीठ सीटवर पसरलं. मी मनातल्या मनात घावनांना रामराम केला.

"आता?" सरनोबतांनी विचारलं.

"आता पीठ काय करायचं ते करील."

ते पडवीत येऊन बसले. बसले म्हणजे टेकले, आणि लगेच उठले. गाडीपाशी जाऊन पिठात बोट घातलं. परत आले. पुन्हा गेले, पीठ थोडं चोळलं.

"राहू दे," आक्का म्हणाल्या.

"बघतोय फक्त, ओढतंय का न्हाई ते."

"धैर्या, इकडं ये. हात पुढं कर."

त्यांनी दोन्ही हात पुढं केले. आक्कांनी पिवळ्या लोकरीची लड त्यांच्या मनगटांवर चढवली आणि समोर बसून गुंडाळायला लागल्या. लड धरणाऱ्याला हात ताठ धरून बसावं लागतं. खाली सोडले की गुंता. सरनोबत आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढं असे हात बांधून बसलेले मी पाहिले. हसू येत होतं, पण मी शेंगा तोंडात टाकल्या.

लोकर सरकत राहिली.

"कारखान्यात शब्द टाकून ठेवलाय त्याच्यासाठी," सरनोबत हळूच म्हणाले. "चांगली जागा हाय. आल्या आल्या सांगतो."

आक्का गुंडाळत होत्या.

"खोलीला रंग दिलाय. त्याच्या आईला म्हटलं, आता त्याला..."

धागा ताणला गेला. सरनोबतांचा हात पुढं ओढला गेला आणि बोलणं तिथंच तुटलं.

"हात सैल सोड," आक्का म्हणाल्या. "लोकर अडकते."

...

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

सरनोबतांचा चेहरा उतरला. ते उठायला लागले. आक्का गुंडाळायच्या थांबल्या नाहीत, त्यामुळे त्यांना उठता येईना.

"आक्का, पोरगं आलं माझं..."

"येऊ दे की."

इंद्रजीत चढण चढून आला. वाळलेला, दाढी वाढलेली, पाठीला पिशवी. अंगणाच्या तोंडाशी तो थांबला. मागच्या खेपेला बापलेक एकमेकांसमोर उभे राहिले, तेव्हा सरनोबतांनी त्याला एका दमात अकरा सूचना दिल्या होत्या आणि तो आल्या पावली परत गेला होता, असं त्याच्या आईनं मला सांगितलं होतं.

त्यानं बापाकडं पाहिलं. बाप पिवळ्या लोकरीत दोन्ही हात अडकवून बसला होता.

पोरगा आधी बघत राहिला. मग त्याचे ओठ हलले. आणि मग तो हसला... चांगला मोठ्यानं हसला.

"आबा, हे काय?"

"आक्कांनी... बस म्हणाल्या."

सरनोबतांना पुढं पुष्कळ बोलायचं होतं, ते दिसत होतं. लोकर सरकत होती. त्यांनी मनगटं सैल सोडली.

इंद्रजीत आक्कांच्या पाया पडला. पडता पडता त्यानं नाक वर केलं.

"वास कसला येतोय?"

तो गाडीपाशी गेला आणि उघड्या दारातून आत वाकला. पांढरं पीठ पिवळसर होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या होत्या.

"एरंडेल! आबा, तुम्ही सीटलासुद्धा एरंडेल पाजलं?"

मला आता आवरेना. त्या घरात दर महिन्याला पोराचं नाक दाबून एरंडेलाचा चमचा तोंडात जायचा, आणि वर "आ कर" अशी आरोळी, ती शेजारच्या गल्लीत ऐकू यायची. मी हसलो. इंद्रजीत हसला. सरनोबतही हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते.

इंद्रजीतनं ते पाहिलं. तो पायरीवर येऊन बापासमोर बसला आणि पिशवीतून फडक्यात बांधलेला पाव काढला.

"मी भाजलाय. काल."

सरनोबतांनी हातांकडं पाहिलं, मग आक्कांकडं. आक्का गुंडाळत होत्या.

इंद्रजीतनं पावाचा तुकडा मोडला.

"आ करा," तो म्हणाला.

सरनोबतांनी तोंड उघडलं.

त्यांनी तो तुकडा फार सावकाश खाल्ला. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते चावत होते.

"मऊ हाय," ते म्हणाले.

"आणखी देऊ?"

सरनोबत त्याच्याकडं बघतच राहिले. हा प्रश्न त्यांच्या घरात कधी कुणी कुणाला विचारला नसावा.

"थोडा," ते म्हणाले.

मग इंद्रजीतनं मलाही तुकडा दिला. खरंच मऊ होता. घावनांचं दुःख माझ्यापुरतं तिथं संपलं.

पाव खाऊन झाला. इंद्रजीत उठला, मठातली केरसुणी घेतली आणि सीटवरचं पीठ झाडायला लागला. अर्धं तेल पिठानं ओढलं होतं, अर्धं अजून आत होतं. चामडं काळंच होतं, पण तेल हाताला येत नव्हतं फारसं. सरनोबत मान उंच करून बघत होते. केरसुणी उलटी धरली आहे, हे त्यांना दिसत होतं. मलाही दिसत होतं.

ते गप्प राहिले.

"आई जेवायची थांबली असंल," इंद्रजीत पाठमोराच म्हणाला. "चावी कुठाय?"

सरनोबतांनी हनुवटीनं सदऱ्याच्या खिशाकडं खूण केली. लहानपणी पेपरमिंट काढायचा, तसाच इंद्रजीतनं खिशात हात घालून चावी काढली.

पोरगं घरी निघालं होतं.

लडीचा शेवटचा फेरा सुटला. सरनोबतांचे हात मोकळे झाले. ते मनगटं चोळत लगबगीनं गाडीपाशी गेले.

"मी चालवतो," इंद्रजीत म्हणाला. "तुम्ही मागं बसा."

सरनोबतांनी अंगातल्या पांढऱ्याशुभ्र लेंग्याकडं पाहिलं, मग सीटकडं. आणि बसले. सीट करकरली नाही.

गाडी सुरू झाली. त्यांनी लगेच पुढं वाकून तोंड उघडलं.

"इंद्रा, उतारावर जरा..."

आक्का खिडकीपाशी येऊन उभ्या होत्या. सरनोबत बोलायचे थांबले.

"आक्का, आता आणि काय?"

आक्कांनी ओच्यातून हिरव्या लोकरीची दुसरी लड काढली, खिडकीतून आत हात घातला आणि ती त्यांच्या दोन्ही मनगटांवर चढवली.

"ही घरापर्यंत धर."