शेवटचा डबा

“आवाज आला का?”

मी रुळाला कान लावून ओणवा असायचो आणि इराप्पाअण्णा मागून विचारायचे.

आधी काहीच नसायचं. मग लांबून, लोखंडाच्या पोटातून, भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. पन्नास वर्षं झाली. अजून कधी उशीला कान टेकला की तो येतो.

“आला, अण्णा.”

“मग ऊठ. हुबा ऱ्हा.”

अण्णा सोलापूरकडच्या एका रेल्वे फाटकावर होते. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. फाटक लावायचं, झेंडी गुंडाळून हातात धरायची आणि शेवटचा डबा पुढे जाईपर्यंत चाकांकडे बघत उभं राहायचं. एवढंच काम.

एका दुपारी मी खाटेवरून उठलो नाही.

“रिकामी मालगाडी आहे, अण्णा. आत कोणी नाही.”

अण्णा झेंडी घेऊन उठले. माझ्या जागी जाऊन उभे राहिले.

…

नोकरी संपल्यावर मी पुण्याला मुलाकडे आलो. तिथे खासनीस नावाच्या एका साहेबांनी मोठ्या हॉलमध्ये छोटी रेल्वे उभी केली होती. घाट, बोगदे, पूल, हाताच्या बोटाएवढे सिग्नल. चौदा डब्यांची गाडी दीड मिनिटात सगळा मुलूख फिरून यायची. लोक लांबून बघायला येत.

मी धूळ पुसायला होतो. हळूहळू गाडी चालवायलाही शिकलो. मग साहेब एकदा म्हणाले, “सिद्राम, तो कोपरा तुमचा. तिथे तुमचं फाटक करा.”

तीन महिने लागले. काडेपेटीच्या काड्यांचं फाटक केलं, अण्णांच्या फाटकासारखं. वाळक्या काटकीचा लिंब केला. फाटकवाल्याच्या खोलीपुढे माठ हवा, तर मिरीचा एक दाणा ठेवला. लोक वाकवाकून बघायचे, फोटो काढायचे.

मी फुगलो.

एकच राहिलं होतं. अण्णांनी ते बघावं आणि शाबास म्हणावं. शिकत होतो तेव्हा त्यांनी एकदाही म्हटलं नव्हतं.

मी निरोप धाडला. अण्णा आले. ऐंशी कधीच ओलांडलेली, गुडघे गेलेले. पुतण्या त्यांना दारात सोडून चहाला गेला. रविवार होता, हॉल भरलेला.

मी अण्णांना माझ्या कोपऱ्यापाशी नेलं, खुर्ची दिली. ते बराच वेळ बघत राहिले.

“माठबी ठेवलास की रं.”

“मिरी आहे, अण्णा.”

ते हसले. मग त्यांनी बोट दाखवलं. खोलीच्या दारात मी नखाएवढा फाटकवाला बसवला होता.

“ह्यो बसलाय का?”

“उभा केला की पडतो, अण्णा. डिंक धरत नाही.”

“आसं…”

तेवढ्यात गाडी आली. अण्णांनी खांद्यावरचा पंचा काढला, गुंडाळून हातात धरला आणि खुर्चीचा हात दाबत उठले. गाडी जाईपर्यंत उभे राहिले. मग बसले.

दीड मिनिटानं गाडी परत आली. अण्णा परत उठले.

तिसऱ्यांदा उठले तेव्हा लोक गाडी सोडून त्यांच्याकडे बघू लागले.

“आजोबांची कवायत चाललीय!” कोणीतरी म्हणालं.

सगळे हसले.

मीही हसलो.

“कोण आहेत हो हे?” एका बाईंनी मला विचारलं.

माझे गुरू आहेत, असं तोंडापर्यंत आलं होतं.

“आमच्या गावाकडचे आहेत,” मी म्हणालो.

अण्णा दोनच हातांच्या अंतरावर होते. ऐकू गेलंच असणार. त्यांच्या कानांचं काय सांगू, अजून तसेच तिखट…

मी त्यांच्यापाशी गेलो. खालच्या आवाजात म्हणालो, “अण्णा, बसा हो. लोक हसतात. खेळण्यातली गाडी आहे. आत कोणी नाही.”

“त्या मालगाडीतबी नव्हतं,” अण्णा म्हणाले.

गाडी पुन्हा येत होती. अण्णा खुर्चीचा हात दाबत उठत होते. मला ते बघवेना. खरं सांगायचं तर लोक बघताहेत हे मला बघवेना. मी गाडीचं बटण दाबलं.

गाडी थांबली. निम्मी फाटकावर, निम्मी बोगद्यात.

“झालं. थांबवली, अण्णा. आता बसा.”

अण्णा बसले नाहीत. पंचा हातात तसाच, नजर बोगद्याच्या तोंडावर.

हॉलमधलं हसू हळूहळू विरलं.  पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अण्णांचा गुडघा थरथरत होता, धोतरातून दिसत होता.

“अण्णा… बसा ना.”

“शेवटचा डबा अजून यायचाय, सिद्राम.”

माझा हात बटणावर गेला. ते दोनदा हुकलं.

गाडी हलली. एकेक डबा बोगद्यातून बाहेर आला. शेवटच्या डब्यामागे मीच लावलेला लाल ठिपका फाटकावरून पुढे गेला.

अण्णांनी पंचा झटकला, खांद्यावर टाकला आणि लोकांमधून वाट काढत दाराकडे चालू लागले.