लोखंड न घातलेला चंबू

"मग गौतमीला काढताय की नाही, बाई?"

सारंग भोपटकर दारातूनच विचारत होता. आत येऊन बसण्याइतकाही धीर त्याला नव्हता.

प्रयोगशाळेच्या प्रमुख वागळे बाई चष्मा पुसत राहिल्या.

सारंग म्हणजे प्रयोगशाळेचा लाडका. जी अभिक्रिया पॅलेडियम या महागड्या धातूशिवाय होत नाही, ती त्याने साध्या लोखंडाचा उत्प्रेरक वापरून करून दाखवली होती. परदेशातून बोलावणं आलं होतं, त्यामुळे पठ्ठ्याचे पाय जमिनीवर नव्हते. अडचण एकच. त्याच्या हाताखालची गौतमी तोच प्रयोग करायची आणि तिच्या चंबूत काही म्हणजे काही व्हायचं नाही. पोरगी रडकुंडीला आली होती.

"तिच्या हाताला गुणच नाही," सारंग म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगितलंय मी तिला."

"आणि तुझ्या?"

"माझा प्रयोग दर वेळी होतो."

"मग आत्ता कर. माझ्यासमोर."

सारंगने खिशातून आपला मॅग्नेट काढला. द्रावण ढवळायला चंबूत टाकतात, ती बोटाच्या पेराएवढी गोळी. जुनी, डागाळलेली. पण तिच्याशिवाय तो प्रयोगाला हात लावत नसे. विज्ञानवाले शकुन पाळत नाहीत, असं कोण म्हणतं?

त्याने लोखंडाच्या बाटलीकडे हात नेला. बाईंनी झाकणावर तळवा ठेवला.

"बाई, उत्प्रेरक..."

"त्याच्याशिवाय."

"मग काय होणार? काही होणार नाही!"

"मग घाबरतोस कशाला?"

चंबू तापत राहिला. दोघंही उभीच होती. सारंग एकदा घड्याळाकडे बघे, एकदा बाईंकडे. बाई कुठेच बघत नव्हत्या.

उन्हं कलल्यावर त्याने चंबूतला थेंब, काय तयार झालंय ते दाखवणाऱ्या पट्टीवर लावला, पट्टी द्रावकात उभी केली आणि मग दिव्याखाली धरली.

डाग उमटला होता. त्याच्या नेहमीच्या पदार्थाचा, नेहमीच्याच जागी, ठसठशीत.

"हे... हे शक्य नाही."

बाईंनी चिमट्याने मॅग्नेट बाहेर काढला आणि खिडकीशी नेला. त्याच्यावरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाच्या चिरांत काळे कण अडकले होते.

"कुठून उचललास हा?"

"आधीचे लोक पॅलेडियमवर काम करायचे, त्यांच्या जुन्या भांड्यांतून. पण धुऊन घेतला होता, बाई!"

"धुऊन."

"म्हणजे काम लोखंडाने नाही... या पॅलेडियमच्या कणांनी..."

बाईंनी मॅग्नेट काचेच्या ताटलीत ठेवला.

"गौतमीने कोणता वापरला?"

"नवा." त्याचा आवाज उतरला. "माझ्या मॅग्नेटला हात लावायचा नाही, असं मीच बजावलं होतं तिला."

त्याला लाज वाटली. पण लाजेहून मोठी भीती होती.

"बाई, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे. समजा, आपण..."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं.

तो मटकन स्टुलावर बसला.

"इतके महिने..." तो म्हणाला. "इतक्या महिन्यांत एक तरी प्रयोग बरोबर झाला का हो, बाई?"

"झाला की," बाई म्हणाल्या. "जो फसला, तो."