गरम फरशी आणि राजाचे जोडे

धारगडचा राजा रुद्रसेन मोठा तोऱ्याचा. दरबारात सगळ्यांनी अनवाणी यायचं आणि एकट्या राजाने जाड तळाचे जरीचे जोडे घालायचे, अशी तिथली रीत. हिवाळ्यात जुन्या दरबाराची फरशी इतकी गारठायची की मुजरा करताना म्हातारे सरदार लटपटायचे. म्हणून कारभारीण सगुणाबाईंनी फरशीखालून मातीचे नळ घातले आणि मुदपाकखान्यातल्या चुलींची धग त्यांतून खेळवली.

पहिल्याच दिवशी राजाने सिंहासनावर बसून जोडे फरशीवर आपटले. "मला तर काडीचीही ऊब लागत नाही! काय हो, तुम्हाला लागते?"

"छे छे, महाराज! नुसता बर्फ आहे!" सगळा दरबार एका सुरात म्हणाला.

"मग उद्याच ही फरशी उखडा. आणि सगुणाबाई, कारभाराचे शिक्के खाली ठेवा."

"ठेवते, महाराज," सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण बैठका अंथरलेल्या असताना मंडळी बसलीत कुठे, ते एकदा बघा."

राजाने पाहिलं. गाद्या रिकाम्या होत्या. सगळे सरदार उघड्या फरशीवर मांडी ठोकून बसले होते.

"मग मलाच कसं कळलं नाही?" राजा गुरकावला.

"ऊब खालून वर येते, महाराज, आणि आपल्या जोड्यांपाशी थांबते. या राज्यातलं बरंच काही तिथेच थांबतं."

राजाने एक जोडा काढला, मग दुसराही. उघडे तळवे त्याने फरशीवर टेकवले, आणि ऊब लागली.

"शिक्के राहू द्या तुमच्याकडेच," तो शेवटी म्हणाला. "आणि मंडळी, कोणी उठू नका. आजवर मला आणखी काय काय गार म्हणून सांगितलंत, ते ऐकायचंय."